नुकसानीचा संयुक्त पंचनामा

आपल्या उभ्या पिकांत शेजाऱ्याचीं गुरें शिरलीं म्हणजे पंचनामा होतो. त्या वेळीं गुरांचा धनीहि बांधावर हजर असला, तर "एवढीं कणसें गेलींच नव्हतीं" असें मागाहून म्हणावयास त्यास फारशी जागा उरत नाहीं. परंतु जें कोणाच्याच सातबाऱ्यावर नाहीं, त्या समुद्राचें, खाडीचें, माशांचें वा पाखरांचें नुकसान झालें, तर फिर्यादी कोण व मोजणी कोणीं करावी? या प्रश्नास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायद्यानें दिलेलें उत्तर समजून घेण्यासारखें आहे.

तेथें मध्यवर्ती सरकारचीं खातीं, घटक संस्थानें व मूळ रहिवाशांच्या जमाती हे अशा संपत्तीचे विश्वस्त मानले जातात. १९८९ च्या मार्चमध्यें अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्सॉन व्हाल्डेझ' जहाजांतून सुमारें १ कोटि १० लक्ष गॅलन कच्चें तेल सांडलें. तेव्हां दाव्याकडे नजर ठेवून सरकार व कंपनी या दोघांनींहि निरनिराळे शास्त्रज्ञ नेमले आणि निष्कर्ष एकमेकांपासून झांकून ठेवले. एकाच किनाऱ्याची दोनदां पाहणी झाली, आणि हिशेब कांहीं जुळले नाहींत. १९९० सालीं तेलप्रदूषणाचा नवा कायदा झाला. त्याखालील १९९६ च्या नियमांनीं विश्वस्तांवर असें बंधन घातलें कीं, मोजणींत भाग घेण्यास जबाबदार पक्षास निमंत्रण दिलेंच पाहिजे. नमुने कोठें व कसे घ्यावयाचे हें दोघांनीं आधीं ठरवितां येतें, आंकडे दोघांसहि एकच मिळतात. त्यांचा अर्थ ज्यानें त्यानें लावावा. मोजणीचा वाजवी खर्च दोषी पक्षाकडून वसूल होतो, पण अखेरचा निर्णय विश्वस्तांचाच.

त्याच वर्षीं, १९ जानेवारी १९९६ रोजीं, ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर 'नॉर्थ केप' नांवाची तेलाची नौका रुतली व सुमारें ८,२८,००० गॅलन तेल सांडलें. आपल्या कोंकणांतील शेवंडीच्या जवळचा, परंतु मोठ्या नांग्यांचा जो लॉब्स्टर, त्याचे अदमासें ९० लक्ष जीव मेले. बहुतेक अगदीं लहान. आतां पिल्लें मेलीं तर भरपाई कशी करावी? नुसते डॉलर समुद्रांत टाकून पिल्लें होत नाहींत. म्हणून असें ठरलें कीं, मोठ्या माद्या विकत घेऊन त्यांच्या शेपटीच्या पाख्यास त्रिकोणी खांच पाडावी व त्या परत सोडाव्यात. खांच असलेली मादी धरून विकण्यास कायद्यानें बंदी असल्यामुळें ती अंडीं घालण्यास उरते. अशा सुमारें साडेबारा लक्ष माद्या सोडण्याचें काम नौकेच्या मालकपक्षानें तडजोडींत पतकरलें.

ज्यानें नासधूस केली त्याच्याच हातीं मोजपट्टीचें एक टोंक द्यावें काय, ही शंका रास्त आहे. दोषी पक्षाजवळ पैसा व तज्ज्ञ पुष्कळ, आणि विश्वस्त खात्याचा अधिकारी संकोची असला तर पट्टी आंखडावयास वेळ लागत नाहीं. म्हणून आमच्या मतें दुसरें टोंक विश्वस्तांनीं घट्ट धरावें. २०१० सालीं मेक्सिकोच्या आखातांत 'डीपवॉटर होरायझन' या खोदमंचाखालील विहीर फुटून ८७ दिवस तेल वाहिलें, तेव्हां तसेंच झालें. कांहीं पाहण्या बीपी कंपनीबरोबर मिळून झाल्या, तरी सरकारनें आपल्या स्वतंत्र पाहण्या सोडल्या नाहींत. मोजणी पुरी होण्यापूर्वींच, २०११ सालीं, पुनरुद्धारास आरंभ करण्यासाठीं १०० कोटि डॉलर देण्याचें कंपनीनें कबूल केलें. २०१६ च्या तडजोडींत ही रक्कम धरून एकूण आंकडा ८८० कोटि डॉलरपर्यंत गेला.