मोजे, स्पीकर आणि ढोल

सकाळी साडेसात. ऑक्युपेशनल थेरपीचं (ओटी) सेंटर उघडायच्या आधीच एका आईचा फोन. "ताई, आज पुन्हा मोज्यांवरून रडारड. रिक्षा दारात उभी आहे." मोजे उलटे घालायला सांगते, शिवण बोटांना टोचत नाही. गणवेशाच्या कॉलरमागचं लेबल कालच कापलंय. उद्यापासून निघण्याआधी मुलाला पाण्याची छोटी बादली मोरीतून गच्चीवरच्या कुंड्यांपर्यंत नेऊ द्या, म्हणते. ओढणं, उचलणं, ढकलणं यांनी सांध्यांवर आणि स्नायूंवर दाब पडतो. बऱ्याच मुलांचं शरीर त्यानं स्थिरावतं.

नऊ वाजता त्याच्याच शाळेत. पहिलीचा वर्ग प्रार्थनेला मैदानावर उभा आहे आणि हा मुलगा नेमका स्पीकरखाली, कान दाबून. "मुद्दाम करतो, मॅडम," वर्गशिक्षिका सांगतात. साठ मुलं सांभाळणाऱ्या बाईंचा राग मला कळतो. तरी 'मुद्दाम' हे मला मान्य नाही. आम्हाला नुसता मोठा वाटणारा आवाज त्याला सोसवतच नाही. बाईंबरोबर तिथंच ठरवलं: त्यानं रांगेच्या शेवटी, स्पीकरपासून लांब उभं राहायचं. घंटेच्या आधी त्याला सांगायचं. मधल्या तासाला वह्यांचा गठ्ठा ऑफिसात त्यानंच न्यायचा. बाकाच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधली. पाय तिच्यावर रेटता आले की उठून पळावंसं कमी वाटतं. वाचनाच्या कपाटामागचा कोपराही मागून घेतला. तिथं तो आपणहून जाईल, शिक्षा म्हणून कुणी पाठवायचं नाही. एवढं मात्र मी दोनदा बजावते.

साडेअकरा, सेंटर. झोपाळा, गाद्या, तांदळाच्या डब्यात लपवलेल्या गोट्या. बाहेरून खेळ दिसतो. अमेरिकेतल्या जीन एअर्स यांनी १९७२च्या पुस्तकात मांडलेल्या विचारावर हे काम उभं आहे: स्पर्श, तोल, शरीराची जाण यांची मेंदूत नीट जुळणी झाली नाही, तर शिकणं आणि वागणं दोन्ही अडतं. झोका मुलाच्या इच्छेनं चालतो. चेहरा पांढरा पडला, घाम आला की लगेच थांबायचं.

नवे पालक विचारतात, "म्हणजे याला नेमका आजार कोणता?" २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या सूचीत संवेदनांचा असा त्रास स्वमग्नतेच्या लक्षणांत धरला आहे, स्वतंत्र आजार म्हणून नाही. त्रास असलेलं प्रत्येक मूल स्वमग्न असतं असंही नाही. या थेरपीच्या परिणामांबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत, तेही मी लपवत नाही. आधी कान आणि डोळे तपासून आणा, म्हणते. मग दोन-तीन गोष्टी ठरवू: जेवायला बसणं, दात घासणं. काही आठवड्यांत त्यात फरक दिसला नाही, तर उपाय बदलू.

दुपारी नोंदी, डबा.

चार वाजता एका घरी. मुलगी चार वर्षांची. भेंडी, दहीभात, मऊ-बुळबुळीत काहीही समोर आलं की तिला उमासे येतात. आजींचं म्हणणं, "लाडानं बिघडलीय." आजींना बाजूला सारून या घरात काही होणार नाही, दिवसभर मूल त्यांच्याकडेच असतं. कणीक मळायला तिला त्यांच्याच शेजारी बसवलं. आधी कोरडं पीठ, मग थोडं पाणी, हात धुवायला तांब्या जवळ. भेंडी ताटात कडेला राहील, खाण्याचा आग्रह नाही. "उपाशी राहिली तर?" आजींचा आवाज कापरा झाला. तिला चालणारी भाकरी आणि वरण ताटात असेलच, हे सांगितल्यावर त्यांनी परात पुढे ओढली.

साडेसहाला एक वडील सेंटरवर आले. गणपती आठवड्यावर आलेत. "मुलाला विसर्जनाला न्यायचंच नाही का? चुलतभावंडं सगळी जाणार." न्या. मिरवणुकीत नको, काकांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत. ढोलाचा व्हिडिओ आजपासून बारीक आवाजात, रोज थोडा. कानांवर लावायचे मफ जवळ ठेवा, पण दिवसभर चढवून नका ठेवू. आणि एक खूण ठरवा: त्यानं तुमचा हात दोनदा दाबला, की आरती राहिली तरी घरी निघायचं.