आडनावांच्या मुळाशी – लेखांक ७ : बंदी घातलेले आडनाव, मॅकग्रेगर

मागच्या आठवड्यात आपण ‘स्ट्युअर्ट’ या आडनावाची हकीकत पाहिली. ते आले राजवाड्याच्या कारभाऱ्याच्या हुद्द्यावरून, आपल्याकडच्या देशपांडे-फडणीसांसारखे. आणि पुढे त्या घराण्याने स्कॉटलंडची गादीच मिळवली. आजच्या आडनावाच्या नशिबी याच्या नेमके उलटे आले. स्ट्युअर्ट घराण्यातल्याच एका राजाने ‘मॅकग्रेगर’ हे नाव लावणे हा देहदंडाचा गुन्हा ठरवला.

मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा वंशज. नवव्या शतकातला राजा केनेथ मॅकअल्पिन याच्या वंशाशी आपले नाते आहे, असे हे कुळ परंपरेने सांगते. त्यांचे गेलिक बोधवाक्यही आपले रक्त राजाचे असल्याचेच बजावते. कागदोपत्री धागा मात्र चौदाव्या शतकात हाती लागतो. आर्गाइल आणि पर्थशायर यांच्या सीमेवरची ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे ही डोंगरदऱ्यांची खोरी हा त्यांचा मूळ मुलूख.

त्यांच्या दुर्दैवाचे कारणही हीच जमीन. त्या काळी हायलँड्समध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट हाच जमिनीवरचा हक्क समजला जाई. पण चौदाव्या शतकात रॉबर्ट ब्रूस राजाने ऑ सरोवराच्या परिसराची जहागीर आपल्या बाजूने लढलेल्या कॅम्पबेल घराण्याला दिली. एकाकडे वहिवाट, दुसऱ्याकडे राजाची सनद. अशा भांडणात शेवटी सनदच जिंकते. पंधराव्या शतकात कॅम्पबेलांनी त्याच सरोवराच्या काठी किलचर्नचा किल्ला बांधला. मॅकग्रेगर आपल्याच खोऱ्यांत आधी कुळे झाले आणि मग बेदखल. जनावरे हीच जिथे खरी संपत्ती, तिथे बेदखल झालेल्यांनी दुसऱ्यांची जनावरे पळवून पोट भरायला सुरुवात केली.

७ फेब्रुवारी १६०३ रोजी लोमंड सरोवराजवळच्या ग्लेन फ्रुइन खोऱ्यात त्यांची कोल्हून घराण्याशी लढाई झाली. संख्येने कमी असूनही मॅकग्रेगर जिंकले. कोल्हूनांची शंभराहून अधिक माणसे पडली आणि या विजयानेच मॅकग्रेगरांचा घात केला. २४ मार्चला इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली आणि तिचे सिंहासन स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सकडे आले. ५ एप्रिलला त्याने लंडनसाठी एडिंबरा सोडले. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिलला, प्रिव्ही कौन्सिलने हुकूम काढला की मॅकग्रेगर हे नाव यापुढे अस्तित्वात नाही. कुळाचा प्रमुख अलास्डेर याला आर्गाइलच्या अर्लने सुखरूप इंग्लंडला पोचवण्याचे वचन दिले होते. वचन अक्षरशः पाळले गेले. त्याला सीमेपलीकडे नेले, तिथून लगेच परत आणले आणि २० जानेवारी १६०४ रोजी एडिंबरात फाशी दिले.

नाव पुसायचे म्हणजे काय, हे पुढच्या कायद्यांवरून कळते. चारपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचे नाही. जेवताना मांस कापण्याच्या बोथट टोकाच्या सुरीखेरीज हत्यार बाळगायचे नाही. १६१७ साली संसदेने बंदीवर शिक्कामोर्तब केले. १६३३च्या कायद्याने या नावाने केलेले करारही रद्दबातल ठरवले. माणसाला जिवंत ठेवूनही त्याला व्यवहारातून उठवता येते, ते असे.

लोकांनी मग दुसरी आडनावे घेतली. मरे, ग्रॅहम, ड्रमंड, ग्रँट, स्ट्युअर्ट. कित्येकांनी तर कॅम्पबेलसुद्धा! दंतकथा बनलेला रॉब रॉय (१६७१–१७३४) आईचे कॅम्पबेल हे आडनाव लावत असे. परावर्तक दुर्बिणीची रचना १६६३ साली मांडणारा गणिती जेम्स ग्रेगरी याचे घराणेही स्वतःला मॅकग्रेगरांचीच शाखा मानत असे. यादवी युद्धात हे कुळ राजाच्या बाजूने लढले, म्हणून दुसऱ्या चार्ल्सने १६६१ साली बंदी उठवली. १६९३ साली तिसऱ्या विल्यमच्या राजवटीत ती पुन्हा आली आणि कायमची गेली ती १७७४ साली.

त्यानंतर कुळाने ज्याला प्रमुख मानले, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या फौजेत चाकरी केलेला अधिकारी होता. त्याचे नाव जॉन मरे. मूळ आडनाव त्याच्या घराण्याने पुन्हा उघडपणे धारण केले ते १८२२ साली राजाच्या परवानगीने. त्याच वर्षी चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा स्कॉटलंडचा राजमुकुट किल्ल्यातून मिरवत नेणाऱ्या पथकात मॅकग्रेगर होते.

मधली बत्तीस वर्षे वगळली तरी सुमारे १४० वर्षे ही बंदी अमलात होती. एवढ्या काळात पाच-सहा पिढ्या होऊन जातात. त्या पिढ्यांनी बाहेर वेगळे नाव लावले, पण आपण मूळचे कोण हे मुलांना सांगणे सोडले नाही. म्हणून हे आडनाव टिकले. स्कॉटिश वंशावळी शोधणाऱ्यांनी यातून एक धडा जरूर घ्यावा. सतराव्या शतकातला एखादा ग्रँट किंवा मरे सापडला, की शोध तिथेच थांबवू नये. तो मॅकग्रेगर असू शकतो.

ज्यांच्या सनदेने हे सारे घडवले, त्या कॅम्पबेलांची बाजू पुढच्या लेखांकात.