पाळकाचा बुधवार

पहाटे ५
पाळकाच्या घरात इतक्या लवकर फोन वाजला की बहुधा कुणाची तरी माती असते. आजचा तसा नव्हता. ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेल्या घरातली पोरगी बोलत होती. बापाला तीन दिवसांपासून ताप आहे, पण उचल घेतलेली, त्यामुळे कोयता बंद ठेवता येत नाही. "पाळकसाहेब, फोनवरच प्रार्थना करा. बाबांच्या कानाला लावते." मागे ट्रॅक्टर सुरू होता. मी मोठ्यानं प्रार्थना केली, तिनं 'आमेन' म्हटलं, मग मी मुकादमाचा नंबर मागून घेतला. तापाला गोळी लागते आणि दवाखान्यात जायला मुकादमाची परवानगी. ती मागणंही माझ्याच कामात येतं.

सकाळी ८.३०
बायको नाईट ड्युटी करून आली. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. माझ्यापेक्षा जास्त मरणं तिनं पाहिली आहेत आणि त्याबद्दल माझ्यापेक्षा कमी बोलते. चहा घेऊन झोपली.

१०.००
एक तरुण कागदांची पिशवी घेऊन आला. नर्सिंगला प्रवेश हवाय. १९५०च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना अजून नाही. याच्या आजोबाला ज्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, ती विहीर आजोबा ख्रिस्ती झाल्यावर काही खुली झाली नव्हती. पण कागद तसं मानत नाही. महाराष्ट्रात ओबीसीचा दाखला निघतो, त्यासाठी मी बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमधून उतारा काढून दिला. "साहेब, आमचं नाव त्या वहीत नसतंच तर?" त्यानं विचारलं. रागानं नव्हे, हिशेब मांडावा तसं. अशा वेळी पोराला एखादं वचन ऐकवून वाटेला लावणारे पाळक मला ठाऊक आहेत. मी तहसीलला कुणाला भेटायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. विश्वासानं धीर येतो हे खरं, पण जिथं दाखला हवा तिथं धीर देणं ही टाळाटाळ झाली.

लोक हिणवतात, तुमचे पूर्वज दुष्काळात मिशनकडे पोटासाठी गेले. गेले असतीलही. उपाशी माणसाला देव आठवू नये असा नियम कुणी केलाय?

दुपारी १२.३०
मळ्यातलं घर. उन्हाळ्यात इथला मुलगा ट्रॅक्टर उलटून गेला. चोवीस वर्षांचा, चर्चमध्ये ढोलकी वाजवायचा. तेव्हापासून त्याची आई उपासनेला येत नाही. मी बुधवारी जातो. ती प्रार्थना करू देत नाही, मीही आग्रह धरत नाही. ती शेंगा फोडते, मीही फोडतो.

मातीच्या दिवशी या अंगणात जे जे बोललं गेलं ते मी ऐकलं आहे. 'देवाची मर्जी.' 'देवाला चांगलीच माणसं लागतात.' बोलणारे दुष्ट नव्हते, त्यांना गप्प राहणं जमत नव्हतं एवढंच. ईयोबाचे मित्र त्याच्याशेजारी सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर मुकाट बसून राहिले, तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले तिथं बिघडलं. सेमिनरीत आम्हाला त्यांची भाषणं अभ्यासाला होती. ते सात दिवस एका वाक्यात संपले, परीक्षेत त्यावर प्रश्न यायचा नाही.

आज सूप अर्धं भरल्यावर ती म्हणाली, "वाचा काहीतरी. ते मेंढपाळाचं नको."

तेविसावं स्तोत्र नको म्हणणारं माणूस मला क्वचितच भेटतं. मी अठ्ठ्याऐंशीवं काढलं. रविवारी ते फारसं कुणी वाचत नाही. स्तोत्रसंहितेत रडगाणी पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना अखेरीस स्तुतीचं वळण मिळतं. याला मिळत नाही. रात्रंदिवस हाका मारणारा माणूस देवालाच जाब विचारतो, तू तोंड का लपवतोस म्हणतो, आणि स्तोत्र अंधारावरच थांबतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे बायबलात हाय?"

"आहे."

"मग मातीच्या दिवशी का नाही वाचलं?"

मला उत्तर देता आलं नाही. तिनं ते पान दाखवायला लावलं, चष्मा आणून आकडा पाहिला आणि पोराच्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला. प्रार्थना मात्र आजही नकोच म्हणाली. निघताना पिशवीत शेंगा घातल्या.

४.००
नगरला डायलिसिसवर असलेल्या एका गुरुजींना भेटलो. क्रिकेटवर बोललो. त्यांना तेच हवं होतं.

संध्याकाळी ७.००
ख्रिस्तवाडीत घरगुती प्रार्थना. बाजाची पेटी, टाळ, ढोलकीवर दुसरा पोरगा, हात अजून बसलेला नाही. 'उपासना संगीत'मधली टिळकांची पदं झाली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडलं. लक्ष्मीबाईंना काही वर्षं त्यांच्यापासून दूर काढावी लागली. पुढं त्याही ख्रिस्ती झाल्या आणि नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरं केलं. ही पदं आमच्या आज्यांना अक्षरओळख नसताना पाठ होती, कारण चाली अभंगाच्या, जात्यावरसुद्धा म्हणता येतील अशा. माझं प्रवचन कोपऱ्यातली म्हातारी दर वेळी झोपून ऐकते, पण पदाला टाळी चुकत नाही. पंधरा मिनिटांचं बोलणं आज मी पाचवर आणलं. कुणाची तक्रार आली नाही.

रात्री ९.३०
रविवारचं प्रवचन लिहायला बसलो. पंडिता रमाबाईंवर काही टिपणं काढली होती. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा, १९२१ साली एकुलती एक मनोरमा. तरी केडगावला बायबलाचं मराठी भाषांतर चालूच राहिलं, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तोवर. या बाईला ईयोब समजावून सांगायची कुणाची छाती होती! टिपणं बाजूला ठेवली. अठ्ठ्याऐंशीवंच वाचायचं ठरवलं.

एवढ्यात पास्टोरेट कमिटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. त्यांना पाठ सांगितला.

"सलाम, पाळकसाहेब. पण रविवारी हंगामाचा सण आहे."

"माहीत आहे."

"उपासनेनंतर लिलाव आहे. भोपळे, कोंबड्या, एक बोकडपण येतोय. छताचे पत्रे त्याच्यावरच बदलायचेत. असलं स्तोत्र ऐकून बोली कोण लावणार?"

मी म्हटलं, ज्यांची उसाची उचल अंगावर आहे, ज्यांचं पीक पावसानं गेलं, तेही त्याच बाकांवर बसणार आहेत. ते जरा वेळ थांबले.

"मग असं करा," ते म्हणाले, "स्तोत्र वाचा. पण बोकडाचा लिलाव आधी घेऊ."