चित्रपुस्तकांचा धंदा: माधुरी पुरंदरेंची पुस्तकं आणि माझा एक चुकलेला सल्ला

धारूरमध्ये माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे हे तुम्हाला माहीतच आहे. जूनमध्ये काउंटरपुढे पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका गर्दीत एक आई चार वर्षांच्या पोराला ओढत घेऊन आली. "दादा, अंगणवाडीत जायला लई रडतंय हे. रमेल असं काहीतरी द्या." मी सवयीने कार्टूनवाली पाण्याची बाटली पुढे केली. दुसऱ्या दिवशी ती बाई परत रस्त्यात दिसली. बाटली पोराच्या गळ्यात, आणि पोरगं तसंच रडत होतं.

त्या वेळी माझ्या मागच्या कपाटात माधुरी पुरंदरेंची पुस्तकं धूळ खात पडली होती. एका प्रदर्शनातून हौसेने आणलेली ४० पुस्तकं. वर्षभरात ११ गेली होती. त्या बाईला त्यातलं एक दाखवावं हे मला सुचलंच नाही.

हे न सुचणं मला पुढे महागात पडलं. खरं सांगायचं तर मला कमी पडलं, दुसऱ्याच एका ताईंना जास्त. ते सांगतोच.

आधी माधुरीताईंबद्दल थोडं, कारण आपल्यातले बरेच जण त्यांना ओळखत नाहीत. जन्म १९५२ चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, मग फ्रान्समध्ये. पुण्यात फ्रेंच शिकवलं, अनुवाद केले, पिकासोचं चरित्र लिहिलं, गायल्यासुद्धा. त्यांच्या आई निर्मलाताई पुरंदरे यांनी वनस्थळी ही संस्था उभी केली. खेड्यातल्या बायकांना बालवाडी चालवायला तयार करणारी. त्या कामाशी माधुरीताईही जोडलेल्या होत्या. म्हणजे पुस्तकाचं गिऱ्हाईक कोण, ते जमिनीवर बसून कसं बघतं, कुठे कंटाळतं, हे त्यांनी जवळून पाहिलेलं. आपण ट्रेनिंगमध्ये 'मार्केट रिसर्च' म्हणून जे फॉर्म भरून घेतो ना, त्यापेक्षा हे फार वेगळं आहे.

त्यांच्या पुस्तकांची नावंच बघा. 'हात मोडला'. 'मामाच्या गावाला'. 'सख्खे शेजारी'. 'बाबाच्या मिशा'. 'राधाचं घर'. राजा नाही, राक्षस नाही. लहान लेकराच्या आयुष्यात जे खरंच घडतं तेवढंच. मोठ्यांना ते किरकोळ वाटतं, लेकरासाठी ती घडामोड असते. पहिल्यांदा हात प्लास्टरमध्ये जाणं ही त्याच्या लेखी केवढी मोठी गोष्ट! शब्दही त्यांचे आणि चित्रंही त्यांची, त्यामुळे जे चित्रात दिसतंय ते वाक्यात परत सांगायची गरज राहत नाही. 'चित्रवाचन' हे पुस्तक तर बघून बोलायचंच आहे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ मध्ये मिळाला आणि बिग लिटल बुक अवॉर्ड २०१६ मध्ये. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने त्यांची पुस्तकं वर्षानुवर्षं छापली. एक लेखिका, एक प्रकाशक आणि तेच वाचकवय, इतकं धरून राहणं मला स्वतःला धंद्यात अजून जमलेलं नाही.

आता त्या ताईंचं. (नाव नाही सांगत, त्यांची परवानगी घेतलेली नाही.) माझ्या एका बॅचला आल्या होत्या. अंगणवाडीशी संबंधित काम, हात चित्रात पक्का. त्यांना लहान मुलांसाठी चित्रपुस्तक काढायचं होतं. 'चांगल्या सवयी' असा विषय. बचत गटातून पैसे उभे राहणार होते. छपाईचे दोन भाव आले. २०० प्रती घेतल्या तर ८५ रुपयांना एक, १००० घेतल्या तर ३८ ला एक. किंमत ठेवायची ८० रुपये.

मी बीबीए झालेला माणूस. लगेच कॅल्क्युलेटर काढला. "ताई, ८५ ला छापून ८० ला विकणार का? हजार घ्या. मार्जिन बघा."

दोन वर्षांत १९० प्रती गेल्या. दुकानदाराचं ३० टक्के कमिशन कापून ताईंच्या हातात प्रतीमागे ५६ रुपये, म्हणजे १०,६४० रुपये आले. छपाईला गेले होते ३८,०००. तोटा २७,३६० रुपये, आणि घरात पलंगाखाली ८१० पुस्तकं. त्यांनी २०० च छापली असती तर प्रत्येक प्रतीत तोटा दिसला असता, पण एकूण तोटा ६,३६० वर थांबला असता. हे गणित मी नंतर केलं. आधी करायला हवं होतं. पहिल्या छपाईत प्रतीमागचा भाव बघायचा नसतो, किती पैसे बुडाले तरी आपण उभे राहू ते बघायचं असतं. बचत गटाचा हप्ता काही थांबत नाही.

पण मला जास्त लागलं ते दुसरं. पुस्तक का विकलं नाही? मी ते परत वाचलं. पान पहिलं: दात घासा. पान दुसरं: हात धुवा. चौथ्या पानापर्यंत मलाच झोप आली! शेजारी माधुरीताईंचं एक पुस्तक ठेवलं तेव्हा फरक कळला. तिथे लेकराला कुणी शिकवत बसलेलं नाही. ताईंच्या पुस्तकात लेकरूच नव्हतं, नुसत्या सूचना होत्या. आणि ताईंना तर आपल्या भागातली अशी लेकरं माहीत होती जी कुठल्याच पुस्तकात नाहीत. दसरा-दिवाळीला टोळी ऊसतोडीला निघते, काही लेकरं आईबापाबरोबर कोपीवर जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. पाडव्याच्या आसपास आईबाप परत येतात. पाच महिन्यांनी आई दिसल्यावर तीन वर्षांचं लेकरू आधी लाजून आजीमागे लपतं. हे आपल्याकडच्या किती घरात घडतं! ताई हे सांगताना थांबतच नव्हत्या. पुस्तकात मात्र दात घासा.

दुकानदार म्हणून माझंही चुकत होतं. मी ही पुस्तकं 'पुस्तकं' म्हणून गाइडांच्या शेजारी ठेवायचो. तिथे येणारं गिऱ्हाईक दहावीचं. लहान लेकराचे प्रसंग तर माझ्या गिफ्टच्या काउंटरवर येतात. बारसं, उष्टावण, जावळ, संक्रांतीचं बोरन्हाण, शाळेचा पहिला दिवस. तिथे माणूस १५० रुपये खिशात घेऊन उभा असतो आणि काय द्यावं ते त्याला कळत नसतं. मी पुस्तकं तिकडे हलवली, हलव्याच्या दागिन्यांच्या बाजूला, एक प्रत उघडी ठेवून. उरलेली २९ एका मोसमात संपली. चमत्कार वगैरे काही नाही, २९ म्हणजे २९. पण कपाट रिकामं झालं.

ज्यांना यात उतरायचंय त्यांच्यासाठी थोडं कागदोपत्री. छापील पुस्तकांवर आणि मुलांच्या चित्रपुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. आयएसबीएन नंबर आपल्या देशात सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. मधे पिन मारलेलं पुस्तक असेल तर पानं चारच्या पटीत ठेवा, १६ किंवा २४. चित्रकार दुसरा असेल तर लेखी करार करा. त्यात मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं धरतात. आणि नेटवरून चित्र उचलू नका. "कोण बघतंय धारूरात" हे मी स्वतः ऐकलंय, त्यावर जाऊ नका. सरावासाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर जा. तिथल्या गोष्टी मोकळ्या परवान्यावर आहेत, लेखक-चित्रकाराचं नाव देऊन छापताही येतात.

ताई गेल्या महिन्यात दुकानात आल्या होत्या. मी माफी मागितली, त्या हसल्या, म्हणाल्या, "हप्ता फिटत आलाय." पिशवीतून त्यांनी चार मोठे कागद काढले, मधोमध दुमडून शिवलेले, १६ पानं, सगळी हाताने काढलेली. आजीच्या लुगड्यामागून बघणारं लेकरू. छपाईचा भाव त्यांनी अजून कुणालाच विचारलेला नाही. हीच एक प्रत घेऊन त्या तीन अंगणवाड्यांत फिरल्यात. मुलं कुठल्या पानावर बोट ठेवतात, ते त्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवतात. सातव्या पानामागे सगळ्यात जास्त खुणा होत्या. त्या पानावर आई पत्र्याची पेटी खाली ठेवतेय आणि लेकरू अजून आलेलं नाही.

"इथे सगळी गप्प होतात," ताई म्हणाल्या. "मग कुणीतरी विचारतं, येतंय का ते?"