मुंबईंतील चार आठवड्यांची उमेदवारी

हल्लीं एप्रिल सरूं लागला कीं घरोघरीं इंटर्नशिपची वार्ता ऐकूं येते. आमच्या पिढीला याच गोष्टीसाठीं ‘उमेदवारी’ हा शब्द ठाऊक होता. फारसींत उमेद म्हणजे आशा. आशा धरून दुसऱ्याच्या दारीं बसणारा तो उमेदवार. (पुढें निवडणुकीनें हा शब्द पळविला, त्यास इलाज नाहीं.) आमच्या पुतण्याची कन्या सांगलीस कायद्याचें शिक्षण घेत असून, गेल्या उन्हाळ्यांत ती मुंबईस फोर्टमधील एका वकिलांच्या कचेरींत अशी उमेदवारी करून आली. मुलांमुलींना याप्रमाणें पाठविणारीं घरें आपल्यांत पुष्कळ आहेत. पाठवितांना काय पाहावें याचा विचार मात्र थोडाच होतो, म्हणून हें लिहितों.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ सालच्या नियमांप्रमाणें तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांत किमान बारा, व पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत किमान वीस आठवडे उमेदवारी करावी लागते. परंतु एका वर्षीं ती सलग चार आठवड्यांहून अधिक असूं शकत नाहीं. हातीं येतात ते अवघे अठ्ठावीस दिवस, आणि त्यांतून रविवार वजा. तेव्हां तारीख निवडण्यांत चूक झाली कीं अर्धें गेलें म्हणून समजावें. मुंबई उच्च न्यायालय मेच्या मध्याच्या सुमारास जवळजवळ चार आठवडे सुटीवर जातें. तांतडीच्या कामापुरते न्यायमूर्ती बसतात, पण एरव्हींची गजबज नसते. पुष्कळ विद्यार्थी नेमके त्याच दिवसांत जातात आणि १८७८ सालीं पुरी झालेली ती दगडी इमारत बाहेरून पाहून परततात. आमच्या मुलीची परीक्षा लांबली, म्हणून तिनें मेअखेरीस प्रस्थान ठेवलें. हें सुदैवच म्हणावयाचें. पहिले दोन आठवडे सुटीचे मिळाले, तेव्हां जुनीं प्रकरणें वाचतां आलीं. पुढील दोन आठवडे चालू न्यायालयाचे मिळाले, तेव्हां वाचलेलें डोळ्यांदेखत घडतांना दिसलें.

उतरली ती डोंबिवलीस मावशीकडे. मुंबईकडील नातेवाईक म्हणजे धर्मशाळा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. दोन खोल्यांच्या संसारांत महिनाभराचा पाहुणा म्हणजे काय, हें पाठविणारा क्वचितच मनांत आणतो. मुलीच्या आईनें तांदूळ, गूळ व लोणच्याची बरणी धाडलीच, पण खर्चाची रक्कमही पाकिटांत घालून बहिणीच्या हातीं दिली. मावशी रागावली, तरी ती घ्यावयास लावली, हें योग्यच झालें. खरी अडचण प्रवासाची. डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जलद लोकलनेंही तासाभराहून अधिक लागतो, आणि दहाच्या कचेरीची गर्दी तर विचारूंच नये. पहिल्या आठवड्यांत रात्रीं तिचा फोन येई तेव्हां आवाजच गळलेला असे. त्यांत कचेरींत झेरॉक्स काढण्यापलीकडे काम नाहीं, आणि वकीलमहाशयांना तिचें नांवही आठवेना! परत बोलवावें असें घरांत दोघांचें मत पडलें.

मग ती गर्दी चुकविण्यासाठीं पहाटेच्या गाडीनें जाऊं लागली. कचेरी उघडण्यास येणारे कारकून तेवढे त्या वेळीं असत. दाखल केलेले कागद न्यायालयाकडून परत कां येतात, असें तिनें त्यांना सहज विचारलें. त्या वृद्ध गृहस्थांना असें पूर्वीं कोणी विचारलें नसावें. पानांचे क्रमांक, कोर्ट-फी, शपथपत्र, कार्यालयाच्या हरकती, हें सारें त्यांनीं हौसेनें समजावून सांगितलें, आणि चौथ्या दिवशीं वाटणीच्या एका जुन्या दाव्याचें बाड तिच्यापुढें ठेवलें. दावा, कैफियत, मुद्दे, साक्षी, आणि प्रत्येक तारखेस काय झालें तें नोंदविणारा रोजनामा. दहा प्रकरणें चाळण्याऐवजीं तिनें हें एकच आरंभापासून वाचलें आणि त्याचें तारीखवार टिपण केलें. तें टिपण वकिलांच्या हातीं पडलें, तेव्हां त्यांनीं प्रथम तिचें नांव विचारलें.

ती परत आल्यावर आम्ही सारे तिच्याभोंवतीं बसलों. वाटणीचा दावा म्हटल्यावर एकत्र कुटुंबाचे कान टवकारणारच. मींच विचारलें, “कोणाकडचा ग?”

“आप्पाआजोबा, तें सांगतां येणार नाहीं.”

“अग, घरच्या माणसांना सांगावयास काय हरकत आहे?” वहिनी म्हणाल्या.

तिनें शांतपणें उत्तर दिलें कीं, पक्षकारानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवांचून वकिलाला उघड करतां येत नाहीं. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानें तें बंधन वकिलाच्या कारकुनांवरही आहे. मग उमेदवारानें कशी करावी? क्षणभर मला राग आला, हें कबूल करतों. तीन भावांचें तें घर कदाचित् आपल्या ओळखीचें असेल, आणि आपण तें लग्नकार्यांत दहा ठिकाणीं बोललों असतों, हें ध्यानांत आल्यावर तो ओसरला.

उमेदवारीची दैनंदिनी ठेवणें नियमानेंच आवश्यक असतें. पुष्कळजण ती शेवटल्या दिवशीं आठवून लिहून काढतात. हिनें रोज लोकलमध्यें बसावयास मिळेल तितका वेळ लिहिली होती, आणि ती मला वाचावयास दिली. तींत नांवांच्या जागीं ‘थोरला’, ‘मधला’, ‘धाकटा’ एवढेंच होतें. दाव्याच्या किती तारखा पडल्या, तो आंकडा मात्र तिनें दोनदां अधोरेखित केला होता.