प्रतीक्षा आणि साशंकता : 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' व शिरूर-दौंड परिसरातील तरुण खेळाडू

प्रस्तावना

'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' हा व्हिडिओ गेम १७ सप्टेंबर २०१३ रोजी प्रकाशित झाला. २०२६ साली पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणारा विद्यार्थी तेव्हा साधारणतः पाच वर्षांचा होता. त्याचे संपूर्ण शालेय जीवन पुढील भागाच्या प्रतीक्षेत सरले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. प्राध्यापकवर्ग या विषयाकडे बहुधा 'मोबाईलचा नाद' म्हणूनच पाहतो. प्रस्तुत लेखात ही प्रतीक्षा व तिच्याइतकाच प्रबळ असलेला अविश्वास यांच्या कारणांचा शिरूर-दौंडच्या संदर्भात विचार केला आहे.

ओपन-वर्ल्ड खेळाचे स्वरूप

ठरावीक टप्पे क्रमाने पार करावयाच्या खेळांहून 'ओपन-वर्ल्ड' खेळ भिन्न असतो. येथे खेळाडूच्या हाती एक संपूर्ण नगर दिले जाते. कथानक अर्ध्यावर सोडून तो वाटेल तेथे भटकू शकतो. या मालिकेतील भटकंती गुन्हेगारी विश्वातील असून खेळ प्रौढांसाठी आहे, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे. विलंबाचे मूळही या मोकळिकीतच आहे. वाहने, पाऊस, पोलीस, पादचारी अशा प्रत्येक घटकाचा इतर घटकांशी संबंध येतो. एक नवा घटक वाढविला की जुन्या सर्व घटकांशी होणारे त्याचे संयोग तपासावे लागतात. त्यामुळे आकार दुप्पट झाला तर काम दुप्पटच वाढेल, हा हिशेब येथे चालत नाही.

घोषणांचा क्रम

सहाव्या भागाचे काम सुरू असल्याचे रॉकस्टार गेम्सने फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्य केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अपूर्ण चित्रफिती चोरीस जाऊन सर्वत्र पसरल्या. डिसेंबर २०२३ मधील पहिल्या झलकेने २०२५ हे वर्ष दिले. मे २०२५ मध्ये ती तारीख २६ मे २०२६ झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६. अंतिम सफाईसाठी अधिक अवधी हवा, असे कारण देण्यात आले.

हे कारण खोटे मानण्याचे प्रयोजन नाही. परंतु खेळाडूंचा पूर्वानुभव बोलका आहे. २०१२ साली घोषित झालेला 'सायबरपंक २०७७' अनेकदा लांबणीवर पडून १० डिसेंबर २०२० रोजी आला. जुन्या कन्सोलवर तो इतका सदोष निघाला की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला. नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉकस्टारने स्वतःच्याच तीन जुन्या खेळांच्या नूतनीकृत आवृत्त्या काढल्या. त्यांतील दोषांबद्दल कंपनीला क्षमा मागावी लागली. मालिकेचे प्रमुख लेखक डॅन हाउझर यांनी २०२० मध्येच कंपनी सोडली होती. म्हणजे उशीर झाला की गुणवत्ता येतेच, असा नियम नाही. झलक आणि प्रत्यक्ष खेळ यांत भेद करणारा विद्यार्थी वस्तुतः पुराव्याची छाननीच करीत असतो. वर्गात हीच सवय लावण्यासाठी बरेच श्रम घ्यावे लागतात.

शिरूर-दौंडचा संदर्भ

तालुक्याच्या गावात या साशंकतेला आणखी एक पदर आहे. जाहीर झालेली तारीख केवळ प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज या कन्सोलसाठी आहे. नोव्हेंबर २०२२ मधील दरवाढीनंतर भारतात प्लेस्टेशन ५ ची किंमत ५४,९९० रुपये झाली. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणाऱ्या पालकाचे हे काही महिन्यांचे वेतन होय. ही मालिका आपल्याकडे रुजली ती सायबर कॅफेतील संगणकांवर, 'व्हाइस सिटी' (२००२) व 'सॅन अँड्रियास' (२००४) यांच्या बहुधा नकली सीडींवरून. २०१३ च्या अखेरीस 'सॅन अँड्रियास' मोबाईलवर आला आणि धाकट्या भावंडांच्याही हाती पडला. खेळ ओळखीचा, पण त्याचे नवे यंत्र आवाक्याबाहेरचे, अशी ही स्थिती आहे.

उरतो तो संगणक. पाचवा भाग संगणकावर एप्रिल २०१५ मध्ये, म्हणजे तब्बल १९ महिन्यांनी आला. याच कंपनीच्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' ला ऑक्टोबर २०१८ पासून वर्षभर लागले आणि त्यासाठी संगणकात १५० जीबी जागा लागत होती. दररोज दोन जीबी डेटा देणाऱ्या मोबाईल योजनेवर, दुसरा कोणताही वापर न करता, एवढा खेळ उतरवून घेण्यास अडीच महिने लागतील.

तुलनेसाठी जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. तेथील सुपरगेमिंग या कंपनीने २०२२ मध्ये घोषित केलेला 'इंडस बॅटल रॉयल' ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाईलवर प्रकाशित झाला. तो ओपन-वर्ल्ड नव्हे, पुढील भागही नव्हे; परंतु दोन वर्षांची प्रतीक्षा त्यालाही लाभली आणि पूर्वनोंदणीने एक कोटीचा टप्पा ओलांडला. अशी नोंदणी विनामूल्य असते, म्हणून हा आकडा विश्वासाचा नव्हे तर कुतूहलाचा मानावा. तरीही प्रकाशनाच्या दिवशी तो शिरूरमध्ये आणि कोथरूडमध्ये एकाच वेळी, त्याच फोनवर उतरवता येत होता. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' च्या बाबतीत तसे होणे कठीण. नोव्हेंबर २०२५ च्या घोषणेत संगणकावरील आवृत्तीची तारीखच नव्हती.