विट्याच्या मागांवर अट लिहिली कुणी?

विट्यात बरंच कापड खर्चीवर विणलं जातं. सूत व्यापाऱ्याचं, माग यंत्रमागधारकाचा, मजुरी पिकावर, म्हणजे इंचात किती आडवे धागे त्यावर, ठरलेली, तीही बहुधा तोंडी. ताका तपासताना पीक कमी भरतं, डाग सापडतो, किंवा माल चार दिवस उशिरा आलेला असतो. मग अख्खा माल नाकारायचा, की मजुरीतून कापून घ्यायचं?

1872 च्या करार कायद्याने हे पक्षकारांवर सोडलं. कलम 39 प्रमाणे समोरच्याने करार पाळायला पूर्ण नकार दिला तर तो मोडता येतो. डागासारख्या उणिवेला कलम 73 ची भरपाई. 1930 च्या मालविक्री कायद्याने फोड केली: शर्त मोडली तर माल परत करता येतो, हमी मोडली तर फक्त भरपाई. त्यातलं कलम 11 यंत्रमागधारकाने जरूर वाचावं. करारात वेगळं म्हटलं नसेल तर पैसे देण्याची वेळ ही शर्त धरत नाहीत. माल देण्याच्या वेळेचं मात्र करार काय म्हणतो त्यावर ठरतं. म्हणजे झुकतं माप कुणाला, ते सांगायला नको.

पण खर्ची ही विक्री नव्हेच, सूत पहिल्यापासून व्यापाऱ्याचं. तिथे पुन्हा 1872 चाच कायदा, कलम 170. मजुरी मिळेपर्यंत माल अडवून ठेवायचा हक्क त्यात आहे. कायद्यातलीच दोन उदाहरणं बोलकी आहेत: हिऱ्याला पैलू पाडणारा जवाहिरा हिरा अडवू शकतो, कोट शिवून होताच देईन आणि पैशाला तीन महिने थांबेन, असं कबूल केलेला शिंपी कोट अडवू शकत नाही. विट्यातली उधारी दुसऱ्या उदाहरणात बसते. हातातलं सगळ्यात मोठं हत्यार आपण बोलाबोलीतच देऊन टाकतो.

2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याने अखेर अट स्वतःच लिहिली. लेखी मुदत असली तरी 45 दिवसांपलीकडे नाही, लेखी काहीच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. यात करार मोडत नाही, फक्त उशीर महागतो. 1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकरातही थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरेनात, तेव्हा व्यापारी जागे झाले.

2006 च्याच कायद्यात व्यापाऱ्याच्या तक्रारीलाही मुदत आहे: माल मिळाल्यापासून 15 दिवस, आणि तीही लेखी. ‘ताका बरोबर नाही’ असं नुसतं फोनवर सांगून भागत नाही.